गाडीतल्या अ‍ॅम्प्लिफायरचा गेन जुळवताना : माझा अनुभव

फोंड्याहून पणजीला जाताना आवाज जरा वाढवला की गाडीतले स्पीकर कर्कश वाजू लागत. पण स्पीकर ठणठणीत होते. बसवणाऱ्याने अ‍ॅम्प्लिफायरचा गेन जवळजवळ शेवटपर्यंत फिरवून ठेवला होता. हेड युनिटकडून, म्हणजे डॅशबोर्डवरच्या म्युझिक प्लेयरकडून, येणाऱ्या व्होल्टेजशी अ‍ॅम्प्लिफायरची जुळणी करणे एवढेच गेनचे काम असते, आणि तो अवाजवी वाढवला की लहरींची टोके छाटली जाऊन आवाज फाटतो, शिवाय स्पीकरची कॉइल तापते.

मी स्पीकरच्या तारा सोडवल्या, बेस बूस्ट व इक्वलायझर शून्यावर आणले, गेन पूर्ण खाली घेतला आणि इंजिन मोकळ्या अंगणात चालू ठेवून हेड युनिटचा आवाज तीन चतुर्थांशावर नेला. अ‍ॅम्प्लिफायरची ताकद चॅनलमागे 75 वॅट आणि स्पीकर 4 ओहमचा, म्हणजे गुणाकार 300 व त्याचे वर्गमूळ सुमारे 17.3; तेवढे व्होल्ट अ‍ॅम्प्लिफायरमधून बाहेर यायला हवेत. साध्या मल्टिमीटरचा आकडा फार वरच्या स्वरांना भरवशाचा नसतो, म्हणून 400 हर्ट्झचा स्थिर स्वर लावून, मीटर स्पीकरच्या जागी जोडून एसी व्होल्टवर ठेवून, 17.3 दिसेपर्यंत गेन वाढवला. पेचकस केसभर फिरला तरी आकडा उडी मारतो, तेव्हा इथे घाई अजिबात करू नये. सबवूफरसाठी, म्हणजे खर्जाच्या स्पीकरसाठी, हीच रीत, फक्त स्वर 50 हर्ट्झचा घ्यावा. तारा पुन्हा जोडण्याआधी मात्र सारे बंद करावे.