मरून बेरे दिसली म्हणजे कमांडो नव्हे: छत्रीदलाची चिन्हं वाचताना

भारतीय छत्रीदलाच्या, म्हणजे विमानातून छत्रीने उतरणाऱ्या सैनिकांच्या, चिन्हांचा अभ्यास सुरू केला की नव्वद टक्के घोळ एकाच ठिकाणी होतो. फोटोत मरून बेरे, म्हणजे गडद तांबूस रंगाची मऊ गोल टोपी, दिसते आणि खाली ‘पॅरा कमांडो’ असं लिहून माणूस मोकळा होतो. हुद्दे, पलटण, ब्रिगेड हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो आणि थेट या घोळाकडे येतो, कारण तो सुटल्याशिवाय पुढचं काहीच धड कळत नाही.

मरून बेरे एवढंच सांगते की हा माणूस छत्रीदलाच्या युनिटमधला आहे. त्यात पॅराशूट रेजिमेंटच्या एअरबोर्न पलटणी आल्या, स्पेशल फोर्सेसच्या (ज्यांना लोक पॅरा कमांडो म्हणतात) आल्या, शिवाय तोफखाना, इंजिनिअर्स आणि वैद्यकीय सेवेची पॅरा युनिटंही आली. कोरियाच्या युद्धात गेलेलं ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स हे डॉक्टरांचं युनिट होतं. त्याचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज हे १९४१ साली पॅराशूटने उडी घेणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी एक. मरून बेरे त्यांचीही होतीच.

मग बेरेवरचा बॅज बघा. तोफखान्याचा असेल तर माणूस पॅरा तोफखान्यातला. उघडी छत्री, पसरलेले पंख आणि खंजीर असेल तर पॅराशूट रेजिमेंटचा. इथे दुसऱ्यांदा पाय घसरतो, म्हणून सावकाश वाचा: एअरबोर्न पलटण असो वा स्पेशल फोर्सेसची, बेरेवरचा बॅज एकच. त्यावरून फरक कळत नाही म्हणजे नाहीच. फरक कळतो उजव्या खिशावर. नावाच्या पट्टीखाली टोक खाली केलेला खंजीर, वर उचललेले पंख आणि पात्यावरच्या पट्टीवर देवनागरीत ‘बलिदान’ असेल, तर तो स्पेशल फोर्सेसचा. खांद्यावरच्या कमानदार पट्टीवरही ‘स्पेशल फोर्सेस’ असं लिहिलेलं असतं.

आणि छातीवरचे पॅरा विंग्ज? ते उड्यांचे. आग्र्याच्या प्रशिक्षण शाळेत पाच उड्या पूर्ण केल्या की ते मिळतात. महेंद्रसिंह धोनीने २०१५ साली तिथेच ते मिळवले. २०१९च्या विश्वचषकात त्याच्या ग्लोव्हजवर मात्र बलिदान बॅज होता, आणि बातम्यांनी त्याला सरसकट ‘पॅरा रेजिमेंटचा बॅज’ म्हटलं. धोनीचं मानद पद १०६ टेरिटोरियल आर्मी (पॅरा) पलटणीत आहे. म्हणजे पलटण वेगळी, विंग्ज वेगळे, बलिदान वेगळं. या तीन गोष्टींची गल्लत त्या एका आठवड्यात जेवढी पसरली तेवढी कधीच पसरली नसेल.

इतकं जमलं की साल तपासायचं. मराठी वाचकाला यासाठी घरचंच उदाहरण आहे. मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण १९४८ साली जम्मू-काश्मीरमधल्या झांगडला ब्रिगेडियर उस्मान यांच्या ५० पॅरा ब्रिगेडमधून लढली, पण तेव्हा ती मराठा रेजिमेंटचीच होती. पॅराशूट रेजिमेंट १९५२ साली नव्याने उभी राहिली तेव्हा ती २ पॅरा (मराठा) झाली. म्हणून झांगडच्या नावाखाली तिच्या जवानाच्या बेरेवर पॅराशूट रेजिमेंटचा बॅज दाखवणारा फोटो समोर आला, तर फोटोखालची ओळ चुकीची आहे. हीच पलटण ११ डिसेंबर १९७१ला बांगलादेश युद्धात टांगाइलला छत्रीने उतरली. त्या वेळी ती स्पेशल फोर्सेसची नव्हती, तेव्हा टांगाइलच्या जवानाच्या खिशावर बलिदान लावलेलं चित्रही खोटं. याउलट २१ मराठा १९९६ साली २१ पॅरा (स्पेशल फोर्सेस) झाली. ‘वाघनखं’ म्हणतात ती हीच.

अलीकडच्या फोटोंत उलटी अडचण येते. १ ऑगस्ट २०२३पासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांचा गणवेश सगळीकडे एकसारखा आहे. बेरे मरून नाही म्हणून जनरल छत्रीदलातून आलेले नाहीत, असं ठरवू नका.

बॅज खरेदीची घाई तर अजिबात नको. बाजारात ओतीव नकलांचा सुळसुळाट आहे. दहापट भिंग घेऊन पंखांची पिसं बघा: ठशाने उठवलेल्या बॅजवर रेघा सुट्या आणि धारदार असतात, मागच्या बाजूला नक्षीचा खोलगट ठसा दिसतो. ओतीव नकलेत पिसं एकमेकांत विरघळलेली, मागची बाजू सपाट, पृष्ठभागावर बारीक भोकं. ‘बलिदान’मधली वेलांटी बुजलेली असेल तर पुढे बघायचीही गरज नाही. विकणाऱ्याला गुरू करू नये असं माझं ठाम मत आहे. छत्रीदलातून निवृत्त झालेले एखादे सुभेदार साहेब अर्ध्या तासात जे दाखवतील ते कुठल्याही जाहिरातीत नसतं. इमेज सर्चवर तर भरवसाच ठेवू नका, तो तुमच्यासमोर चुकीच्या ओळीच आणून टाकतो.

संग्रह करणं वेगळं. सैनिक असल्याचं भासवण्यासाठी ही चिन्हं अंगावर घालणं गुन्हा आहे.

सुरुवातीला सगळंच एकसारखं दिसतं, त्याने खचू नका. वहीत प्रत्येक फोटोसाठी पाच रकाने करा: बेरेचा रंग, बेरेवरचा बॅज, उजवा खिसा, खांदा, साल. जे दिसत नाही तो रकाना कोरा ठेवा आणि कोरा रकाना असताना पलटणीचं नाव लिहू नका. वीसेक फोटो असे उतरवलेत की नजर आपोआप आधी उजव्या खिशाकडे जायला लागते.