खाऱ्या पाण्याच्या छोट्या टाकीत सफाई पलटण सोडताय? या चुका टाळा

देवगडच्या घरी माझी साठ लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. सुरुवातीला काचेवर तपकिरी थर धरला तेव्हा मी घाबरलो आणि सफाई पलटण (शेवाळ आणि उरलेलं खाणं खाऊन टाकी साफ ठेवणारे प्राणी) म्हणून एका फेरीत दहा शंख, आठ हर्मिट क्रॅब (म्हणजे शंखात राहणारे खेकडे) आणि दोन कोळंब्या घेऊन आलो. आठ दिवसांत काच लख्ख झाली. दीड महिन्यात सहा शंख रिकामे झाले. पाणी तपासलं, त्यात काही दोष नव्हता. बिचारे उपाशी मेले होते. जेवण चार जणांचं आणि पानं वीस मांडलेली, दुसरं काय होणार?

तो तपकिरी थर डायटमचा, म्हणजे एका सूक्ष्म शेवाळाचा असतो. नव्या टाकीत तो पहिल्या काही आठवड्यांत येतोच आणि बहुतेक वेळा आपला आपण ओसरतो. त्याच्यासाठी पलटण आणू नका. टाकी सायकल होऊ द्या, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू वाढून अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येऊ द्या, हिरवं शेवाळ दिसू लागलं की मग तीन-चार शंखांपासून सुरुवात करा. "लिटरमागे इतके" हा हिशेब दुकानाच्या सोयीचा आहे. महिनाभर थांबून शेवाळ उरतंय का ते बघा आणि मगच आणखी दोन आणा.

कोण काय खातं हे न विचारणं

नॅसॅरियस शंख शेवाळ खात नाही. तो वाळूत पुरून बसतो आणि मांसाचा वास आला की सोंड वर काढून धावतो. उरलेलं खाणं, मेलेला मासा, हे त्याचं काम. टाकीत वाळूच नसेल तर त्याला आणूच नका. काचेवरचं आणि दगडावरचं शेवाळ टर्बो आणि नेराइट जातीचे शंख खरवडतात. सेरिथ दगडावर आणि वाळूवर दोन्हीकडे फिरतो, छोट्या टाकीला मला तोच सगळ्यांत सोयीचा वाटतो. नेराइट काचेवर पांढरे ठिपके ठेवतो, ती अंडी असतात, रोग नव्हे. केसांसारखं लांब शेवाळ आधी हातानं उपटावं लागतं, शंख फक्त खुंट खातात. आणि लालसर-जांभळा चिकट पापुद्रा दिसला तर तो सायनोबॅक्टेरिया (शेवाळासारखे दिसणारे जिवाणू). त्याला यातलं कुणी फारसं तोंड लावत नाही, नळीनं ओढून काढायचा.

माशांची विष्ठा खाणारा प्राणी मात्र कुणीच विकत नाही, विकणारा काहीही सांगो. आठवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदलणं सुटत नाही.

ओहोटीला जाऊन फुकटचे शंख आणणं

आपल्याकडे हा मोह सगळ्यांनाच होतो. सुकतीला कातळावर शेकडो शंख चिकटलेले असतात, मग पैसे कशाला घालवायचे? मीही मूठभर आणले होते. शेजारच्या मासेमार काकांनी एक उचलून पाहिला आणि म्हणाले, "ह्यो तर कालवां खाणारो, शेवाळ कसला खातलो!" खरंच, कातळावर कालवांना आणि बार्नेकलना (कातळाला चिकटून राहणारे कवचाचे छोटे प्राणी) भोक पाडून खाणारे शंख भरपूर असतात. टाकीत त्यांच्यासमोर तुमचे पाळीव शंख-शिंपलेच येतात.

ओळखायची एक ढोबळ खूण आहे. शंखाच्या तोंडाच्या टोकाला खाच किंवा पन्हळ असेल तर तो बहुधा मांसाहारी, कारण त्या खाचेतून तो वास घ्यायची नळी बाहेर काढतो. तोंड गोल आणि अखंड असेल तर बहुधा शेवाळ खाणारा. सेरिथला छोटी पन्हळ असूनही तो शाकाहारी आहे, तेव्हा ही खूण शंभर टक्के धरू नका. शंकूच्या आकाराचा, नक्षीदार कोन शंख दिसला तर हातही लावू नका. त्याचा विषारी दंश माणसाला घातक ठरू शकतो.

त्यातून भरतीच्या रेषेवरचे शंख पाण्याबाहेर राहायला सरावलेले असतात. रात्री झाकण नसलेल्या टाकीतून निघतात आणि सकाळी जमिनीवर सापडतात.

कायद्याचंही बघा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, तिथून काही उचलायचं नाही. समुद्री काकडी २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. कुणी "वाळू साफ करते" म्हणून देऊ केली तरी घेऊ नका. काही शंखही याच कायद्याखाली येतात, म्हणून विकत घेताना जातीचं नाव विचारा.

खारटपणा न मोजता सोडणं

मासा एक वेळ निभावून नेतो, शंख आणि कोळंबी नाही. दुकानातल्या पाण्याचा खारटपणा ३० (हजार भागांत मिठाचे भाग) आणि तुमचा ३५ असेल तर पिशवी तरंगवून सोडलेला शंख आत आखडून बसतो आणि दोन दिवसांनी वास मारतो. नळीला गाठ मारून थेंब-थेंब पाणी पिशवीत पडू द्या, तास-दीड तास लागू द्या.

समुद्राचं पाणी कॅनमधून आणणारे बरेच आहेत. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाजवळचं पाणी चांगलंच गोडसर होतं. रिफ्रॅक्टोमीटरनं (खारटपणा मोजायचं उपकरण) मोजल्याशिवाय ते टाकीत ओतू नका, आणि जेट्टीजवळचं तर मुळीच नको, डिझेलचा तवंग असतो.

उन्हाळ्यात उलटं होतं. मे महिन्यात पंखा लावला की साठ लिटरच्या टाकीतून दिवसाला लिटरभर पाणी उडू शकतं. मीठ मात्र आतच राहतं. पाच दिवस भर घातली नाही तर ३५ चा खारटपणा ३८ वर जातो. भर घालायची ती गोड्या आरओ पाण्याची, रोज.

तांबं

घरात तांब्याच्या कळशीत पाणी भरून ठेवायची पद्धत आहे ना? ते पाणी टाकीत घालू नका. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरची बरीच औषधं तांब्याची असतात आणि माशाला बरं करणारं प्रमाण शंख-कोळंबीला मारतं. औषध वेगळ्या टाकीत द्यायचं. औषध दिलेल्या जुन्या टाकीतला दगड किंवा वाळू फुकट मिळाली तरी घेऊ नका, तांबं त्यात मुरून राहतं.

काही बिघडलं तर

कोळंबी मेलेली दिसली आणि शरीर आरपार, पोकळ असेल तर तिनं कात टाकलीय. खरी कोळंबी दगडामागे लपलेली असेल, दोन दिवस तिला छेडू नका.

शंख उलटा पडला असेल तर सरळ करा. टर्बोला स्वतःहून पालथं होणं पुष्कळदा जमत नाही आणि पडल्या पडल्या हर्मिट त्याला खातो. हर्मिट शंखांच्या मागे लागले असतील तर त्यांना घर कमी पडतंय. निरनिराळ्या मापाचे पाच-सहा रिकामे शंख उकळून, धुऊन टाकीत ठेवा. तरीही भांडले तर मी हर्मिट कमी करतो. साठ लिटरला दोन पुरतात, एकही नसला तरी टाकी चालते.

हलत नसलेल्या शंखाचा संशय आला तर बाहेर काढून हुंगा. कुजका वास आला की लगेच काढा, एवढ्याशा पाण्यात एक मोठा शंख कुजला तरी अमोनिया वर जातो. वास नसेल तर परत ठेवा आणि रात्री लाईट बंद झाल्यावर तासाभरानं टॉर्च मारून बघा. दिवसभर दगडासारखे पडलेले सेरिथ त्या वेळी काचेवर चढलेले दिसतात.