केमो चालू असताना काढे, रस आणि योग : डॉक्टरांना काय सांगावे

केमोथेरपी सुरू झाल्याचे कळताच आठवडाभरात घरात गुळवेलीचा काढा, गव्हांकुरांचा रस, हळदीच्या कॅप्सूल आणि कुण्या नातेवाइकाने विश्वासाने आणून दिलेली पुडी जमा होते. त्यांतले काहीही तोंडात घालण्यापूर्वी एका वहीत त्याचे नाव, घटक, मात्रा आणि वेळ लिहावी व बाटल्या पिशवीत घालून ओपीडीत न्याव्यात, कारण ‘थोडं आयुर्वेदिक चालू आहे’ एवढ्यावरून डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही.

हळदीचेच पाहा. भाजी-आमटीतली चिमूटभर हळद निराळी आणि कॅप्सूलमधला तिचा तीव्र अर्क निराळा. टॅमॉक्सिफेन हे स्तनकर्करोगावरचे औषध घेणाऱ्या स्त्रियांना असा अर्क मिऱ्यातल्या पायपरिनसह दिल्यावर त्या औषधाच्या सक्रिय रूपाचे रक्तातील प्रमाण घटल्याचे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात दिसले. म्हणजे गोळी वेळेवर घेऊनही ती कमी पडू शकते. गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी 2021 मध्ये केली. आयुष मंत्रालयाने या नोंदीवर आक्षेप घेतला, तरी केमोमुळे यकृतावर आधीच ताण असताना हा वाद आपल्या शरीरावर सोडवू नये.

जंतुसंसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटलेल्या दिवसांत गव्हांकुरांचा कच्चा रस टाळावा, आणि ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला तर काढा उकळत न बसता तडक रुग्णालय गाठावे. प्लेटलेट कमी असताना जोर देऊन मालिश नको.

योगाची गोष्ट वेगळी. टाटा मेमोरियल रुग्णालयाने स्तनकर्करोगाच्या रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष 2022 मध्ये मांडले गेले. नेहमीच्या उपचारांना योगाची जोड दिलेल्या गटात आजार न उलटण्याचे प्रमाण अधिक आढळले. मात्र ही जोड होती, पर्याय नव्हे. हाडांत आजार पसरला असेल तर पुढे वाकण्याची व पीळ देणारी आसने विचारल्याशिवाय करू नयेत.

डॉक्टर रागावतील या भीतीने अनेकजण गप्प राहतात. ‘हे चालेल का?’ असे मोघम विचारण्याऐवजी ‘केमोच्या आधी किती दिवस आणि नंतर किती दिवस हे बंद ठेवू?’ असे विचारावे आणि उत्तर तिथेच वहीत उतरवून घ्यावे. बिनलेबलच्या पुडीत शिसे, पारा किंवा स्टेरॉइड आहे की नाही हे डॉक्टर वा वैद्य नुसते पाहून सांगू शकत नाहीत. ती आणणाऱ्याचे मन न दुखवता बाजूला ठेवून द्यावी.