ऑइलचा दाब अचानक गेला, तर पिकअपच्या इंजिनाची तपासणी कशी करावी

धावत्या पिकअपमध्ये ऑइल प्रेशरचा काटा एकाएकी खाली आला किंवा तेलाच्या बुधलीचे चित्र असलेला लाल दिवा लागला, तर पहिले काम निदानाचे नसते. गाडी सुरक्षितपणे कडेला घेऊन इंजिन बंद करण्याचे असते. बहुतेक इंजिनांत हा दिवा दाब साधारण 4 ते 7 पीएसआयच्या (दाब मोजण्याचे एकक) खाली गेल्यावरच लागतो. म्हणजे दिवा दिसतो तेव्हा दाब कमी होऊ लागलेला नसतो, तो जवळजवळ संपलेला असतो. क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा एक पातळ थर असतो आणि क्रँक त्या थरावरच तरंगत फिरतो. तो थर तुटला की धातूवर धातू घासतो, आणि मागे माल भरलेला असेल तर बेअरिंगची वाट लागायला फार वेळ लागत नाही. म्हणून खराबी नेमकी कुठे आहे हे कळेपर्यंत ‘एकदा चालू करून तर पाहू’ हा मोह आवरावा. अनेक इंजिने मूळ बिघाडाने जात नाहीत, या एका प्रयत्नाने जातात.

इंजिन बंद केल्यावर तेल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, उतरायला पाच ते दहा मिनिटे द्यावीत आणि गाडी सपाट जागी असताना डिपस्टिक पुसून, पुन्हा पूर्ण आत घालून पातळी पाहावी. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल तर उत्तर बहुधा तिथेच मिळते. विशेषतः दिवा आधी वळणावर किंवा जोराचा ब्रेक लावल्यावर लुकलुकत असेल, तर तेल एका बाजूला सरकून पंपाची जाळी (ज्या शोषनळीतून पंप चेंबरमधले तेल ओढतो तिच्या तोंडावरची) उघडी पडत होती असे समजावे. मग गाडीखाली वाकून तेल कुठून गेले ते शोधावे: फिल्टरची बैठक, ड्रेन बोल्ट, ऑइल कूलरचे पाइप, टर्बोकडे जाणारी नळी. नुकतीच सर्व्हिसिंग झाली असेल तर फिल्टर आधी तपासावा. जुन्या फिल्टरची रबरी रिंग कधी कधी ब्लॉकलाच चिकटून राहते, नवा फिल्टर तिच्यावरच कसला जातो, आणि दाब वाढला की दोन रिंगांच्या मधून काही क्षणांत सगळे तेल बाहेर फेकले जाते.

पातळी वरच्या खुणेच्या वर असणे हेही तितकेच वाईट लक्षण आहे. डिपस्टिकवरचा थेंब पांढऱ्या कागदावर टेकवावा आणि थोडा वेळ त्याकडे नीट पाहावे. इंधनाचा वास येत असेल आणि थेंबाभोवती पातळ कडा झपाट्याने पसरत असेल, तर तेलात पेट्रोल किंवा डिझेल मिसळले आहे व तेल पातळ झाल्यामुळे दाब पडला आहे. रंग दुधाळ कॉफीसारखा असेल तर कूलंट आत शिरले आहे. कागद उजेडात तिरपा धरल्यावर बारीक चमक दिसली, तर ती बेअरिंगची असण्याची शक्यता मोठी आहे आणि त्यानंतर इंजिन उघडल्याशिवाय चालू करू नये.

तेल पुरेसे आणि स्वच्छ असेल, तेव्हाच पुढचा प्रश्न येतो: दाब खरोखर गेला आहे, की सेन्सर खोटे सांगतो आहे? डॅशबोर्डवरच्या काट्यावर मी स्वतः निर्णय घेत नाही. काही पिकअपमध्ये तो काटा खरा दाब दाखवतच नाही. साधा स्विच मिटला की उघडला एवढेच पाहून तो मधोमध उभा राहतो किंवा शून्यावर पडतो. एका तारेचा स्विच असेल तर इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन चालू करावे आणि तार काढावी. तार काढूनही दिवा लागलेलाच राहिला, तर ती वाटेत कुठेतरी बॉडीला टेकली आहे. सेन्सर असलेल्या गाड्यांत स्कॅनर लावावा. पी0522 आणि पी0523 हे कोड सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज अनुक्रमे कमी किंवा जास्त असल्याचे सांगतात, तर पी0524 हा दाबच फार कमी असल्याची तक्रार करतो. तरीही कोड म्हणजे सेन्सरचीच साक्ष. तेवढ्यावर पंप बदलायला काढू नये.

खात्री एकाच साधनाने होते, आणि ते म्हणजे नळीचा यांत्रिक प्रेशर गेज. सेन्सर काढून त्याच जागी योग्य आट्यांचा अडॉप्टर बसवावा, नळी पंख्यापासून व सायलेन्सरपासून दूर घ्यावी आणि गेज नजरेसमोर ठेवावा. काही इंजिनांत सेन्सरच्या खाली अंगठ्याच्या नखाहूनही लहान जाळी असते. ती गाळाने बुजली की इंजिनात दाब ठीक असूनही सेन्सरपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे सेन्सर काढल्यावर ती जरूर पाहावी. मग कोणी किल्लीशी, कोणी गेजपाशी असे उभे राहून इंजिन सुरू करावे. काही सेकंदांत काटा हलला नाही किंवा खालून ठोका ऐकू आला, तर तत्काळ बंद करावे. काटा वर चढला तर इंजिन पूर्ण तापू द्यावे, कारण थंड, घट्ट तेलाचा आकडा दिशाभूल करतो. प्रत्येक 1000 आरपीएममागे सुमारे 10 पीएसआय हा जुना ठोकताळा आहे. पातळ तेलाच्या किंवा बदलत्या क्षमतेच्या पंपाच्या नव्या इंजिनांत आकडा वेगळा असू शकतो, म्हणून अखेरचा शब्द त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलचा.

आकड्यापेक्षाही काटा कसा वागतो ते मोलाचे असते. थंड असताना दाब चांगला आणि इंजिन तापल्यावर आयडलिंगला तो कोसळतो, पण रेस दिल्यावर बराचसा परत येतो, तर पंपाने ढकललेले तेल झिजलेल्या बेअरिंगच्या वाढलेल्या फटींतून निसटते आहे किंवा पंपच झिजला आहे. याउलट आयडलिंगला दाब बरा आणि आरपीएम वाढवल्यावर तो खाली येतो, तर पंपाला चेंबरमधून पुरेसे तेल मिळत नाही: जाळी गाळाने, सिलिकॉन गॅस्केटच्या तुकड्यांनी किंवा तेलात चालणाऱ्या टायमिंग बेल्टच्या चुऱ्याने बुजलेली असते. इंजिन बंद करून थोडा वेळ थांबल्यावर दाब परत येतो आणि पुन्हा जातो, हे त्याच दोषाचे लक्षण आहे, कारण जाळीला चिकटलेला गाळ तेवढ्यात सुटून खाली बसतो. काटा थरथरत असेल, तर पंप तेलाबरोबर हवा ओढतो आहे असा संशय घ्यावा. शोषनळीच्या सांध्यातली ओ-रिंग कडक होऊन चिरली की असेच होते. काटा ठरावीक कमी आकड्यापाशी अडतो आणि रेस देऊनही त्यापुढे सरकत नाही, तर रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारी झडप) कचऱ्याने उघडा अडकला असावा. आणि कोणतीही पूर्वसूचना न देता दाब थेट शून्य झाला, चेंबरमध्ये तेल मात्र पुरेसे आहे, तर पंपाला फिरवणारा शाफ्ट, चेन किंवा बेल्ट तुटल्याची शंका आधी घ्यावी. अशा वेळी गेज लावूनही इंजिन सुरू न करता उघडणेच योग्य.

ओ-रिंगचा संशय पक्का करण्याची एक जुनी पद्धत आहे. तात्पुरते एक लिटर जादा तेल घालून सांधा तेलात बुडवावा आणि आयडलिंगला दाब पाहावा. दाब सुधारला तर दोष सापडला. हे तेल लगेच काढून टाकावे, कारण पातळी जास्त असताना क्रँक तेल घुसळून फेस करतो.

चेंबर उतरवण्याआधी जुना फिल्टर कापून पाहावा. घड्या उलगडून चुंबक फिरवावा: चुंबकाला चिकटणारा चुरा लोखंडाचा, म्हणजे कॅम, लिफ्टर किंवा पंपाच्या गिअरचा असतो, न चिकटणारा तांबूस किंवा करडा कीस बहुधा बेअरिंगचा. बेअरिंगचा कीस निघाला तर मेन (क्रँकच्या) आणि बिगएंड (कनेक्टिंग रॉडच्या) बेअरिंगच्या टोप्या काढून फटी मोजाव्याच लागतात, आणि नुसता नवा पंप बसवून दिवा विझवणे म्हणजे दुखणे झाकणे आहे.

दुरुस्तीनंतर शोषनळीची ओ-रिंग, फिल्टर आणि तेल नवीन घालावे. पंप कोरडा बसवू नये. आतल्या गिअरवर तेल ओतून तो बसवावा. नंतर इंधन किंवा इग्निशन तोडून सेल्फ थोडा-थोडा मारावा, मध्ये मोटर थंड होऊ द्यावी, आणि यांत्रिक गेजचा काटा स्पष्टपणे वर चढल्यावरच इंजिन पेटू द्यावे. पूर्ण तापलेल्या इंजिनाचे आयडलिंगचे आणि 2000 आरपीएमचे आकडे वहीत लिहून घ्यावेत आणि मगच गेज काढून सेन्सर परत बसवावा.