ट्राउट हॅचरीत प्रजननासाठी माशांच्या जोड्या लावताना

काश्मीरमध्ये ब्राउन ट्राउट हा थंड पाण्यातला मासा १९०० साली स्कॉटलंडहून आला. रेनबो ट्राउटही आपल्याकडचा नव्हे. बाहेरून आणलेल्या खेपांवर ज्यांचा वंश उभा आहे, अशा माशांची आनुवंशिक विविधता हॅचरीच्या, म्हणजे मत्स्यबीज केंद्राच्या, टाक्यांमध्येच नकळत गमावली जाण्याचा धोका अधिक असतो.

पहिली चूक नरांच्या संख्येत होते. एका नराचे वीर्य अनेक माद्यांच्या अंड्यांना पुरत असल्याने ९० माद्यांसाठी १० नर वापरण्याचा मोह होतो. परंतु नर आणि माद्यांच्या संख्यांच्या गुणाकाराची चौपट काढून तिला एकूण संख्येने भागल्यास असा १०० माशांचा कळप प्रत्यक्षात केवळ ३६ माशांइतका ठरतो (हीच त्याची परिणामकारक संख्या) आणि अंतःप्रजनन, म्हणजे जवळच्या नात्यातले प्रजनन, दर पिढीला सुमारे १.४ टक्क्यांनी वाढते. हेच १०० मासे ५० माद्या आणि ५० नर असे घेतल्यास ही वाढ अर्ध्या टक्क्यावर राहते.

दुसरी चूक अनेक नरांचे वीर्य एकाच भांड्यात मिसळण्याची. तसे केल्याने सर्वांना समान वाटा मिळत नाही, कारण एखाद्या जोमदार नराचे शुक्राणूच बहुतेक अंडी फलित करतात. त्याऐवजी प्रत्येक मादीची अंडी कोरड्या भांड्यांत तीन भागांत विभागावीत आणि प्रत्येक भागाला वेगळ्या नराचे वीर्य द्यावे. तीन माद्या आणि तीन नर यांच्यापासून अशी नऊ कुटुंबे मिळतात. पाण्याच्या स्पर्शाने शुक्राणू मिनिटभरही सक्रिय राहत नाहीत, म्हणून अंडी काढण्यापूर्वी माशाचे अंग पुसून घ्यावे आणि वीर्य अंड्यांत नीट मिसळल्यानंतरच पाणी घालावे.

अंड्यांत डोळे दिसू लागले की पुढील प्रजनक पिढीसाठी प्रत्येक कुटुंबातून सारखीच अंडी मोजून घ्यावीत आणि उरलेली विक्रीच्या उत्पादनाकडे वळवावीत. हे मोजण्याचे काम कंटाळवाणे आहे, पण सर्व कुटुंबांचा वाटा पुढील पिढीतही समान राहिला तर त्याच माशांची परिणामकारक संख्या जवळजवळ दुप्पट होते, आणि इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

प्रजनक निवडताना केवळ हंगामाच्या आरंभी पिकलेल्या माद्या घेऊ नयेत; तसे करत राहिल्यास काही पिढ्यांत साऱ्या कळपाचा हंगाम अलीकडे सरकतो. आरंभ, मध्य आणि अखेर अशा तिन्ही काळांतील मासे ठेवावेत. केवळ थोराड मासे निवडल्यानेही विविधता घटते, कारण ते बहुधा एकाच दोन कुटुंबांतले निघतात. रेनबो ट्राउटचे नर साधारण दुसऱ्या वर्षी आणि माद्या तिसऱ्या वर्षी पिकत असल्याने वेगवेगळ्या वर्षांच्या तुकड्यांची जोडी लावणे सहज शक्य असते आणि त्यामुळे भावंडांचे मीलन टळते. त्यासाठी प्रत्येक माशाला चिप बसवून आईबापांची नोंद ठेवावी आणि पुढे डीएनए तपासणी करता यावी म्हणून पराचा छोटा तुकडा अल्कोहोलमध्ये जपावा.

बाहेरचे रक्त आणायचे झाल्यास जिवंत मासे आणू नयेत. रोगमुक्त प्रमाणित हॅचरीतून डोळे आलेली अंडीच आणावीत आणि ती टाकीत सोडण्यापूर्वी १०० पीपीएम (दहा लाख भागांत १०० भाग) आयोडोफोर या आयोडीनयुक्त जंतुनाशकाच्या द्रावणात १० मिनिटे ठेवावीत.