बाथरूमच्या जाळीतून पाणी उलटं आलं तेव्हा काय केलं

आम्ही तळमजल्यावर राहतो, एका रात्री तासाभरात गल्ली पाण्याने भरली आणि मी दाराला गोण्या लावत बसलो, पाणी मात्र आत आलं ते बाथरूमच्या जाळीतून, बुडबुडे काढत, काळंकुट्ट. बाहेरची गटारलाइन तुंबली की पाणी घरात उलटं फिरतं हे तेव्हा कळलं. आधी मेन स्विच बंद केला, पाय कोरडे होते तोवरच. मग जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत वाळू भरून घट्ट गाठ मारली, एक जाळीवर आणि एक कमोडच्या भांड्यात दाबून बसवली, पाणी बरंचसं थांबलं! गाडी काढायला जाऊ नका प्लीज, 30 सेंटिमीटर वाहत्या पाण्यातही छोटी गाडी तरंगायला लागते. नंतर प्लंबरकडून लाइनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी बाहेर जाऊ देणारी, पण उलटं आत न येऊ देणारी झडप) बसवून घेतला.