शिफ्ट धरली की बॅकस्पेसचं डिलीट: क्यूएमकेमध्ये की ओव्हरराइड

साठ टक्के आकाराच्या, म्हणजे बाजूच्या की वगळलेल्या छोट्या कीबोर्डवर डिलीटसाठी वेगळी की उरत नाही. नुसती दाबली तर बॅकस्पेस आणि शिफ्ट धरून दाबली तर डिलीट, ही त्यावरची सगळ्यात सुटसुटीत तोड. क्यूएमके या, आपल्याला बदलता येणाऱ्या कीबोर्ड फर्मवेअरमध्ये (कीबोर्डच्या चिपवर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) त्यासाठी की ओव्हरराइड आहे: शिफ्ट, कंट्रोल, अल्ट यांसारखी मॉडिफायर की धरून एखादी की दाबली, तर तिच्याऐवजी दुसरीच की पाठवणारी सोय. (फर्मवेअरमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन लिपीत, शब्दांच्या मध्ये अंडरस्कोअर घालून लिहायची.)

खरी मेख शिफ्टमध्ये आहे. शिफ्ट दाबलेली आहे हे संगणकाला आधीच कळलेलं असतं. त्यावर फर्मवेअरने डिलीट पाठवलं तर तिकडे शिफ्ट-डिलीट पोचतं, आणि विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये त्याचा अर्थ फाइल रिसायकल बिनमध्ये न जाता कायमची पुसणं असा होतो. म्हणून शिफ्ट क्षणभर उचलायची, डिलीट पाठवायचं, मग शिफ्ट पूर्ववत करायची. हे सगळं प्रोसेस रेकॉर्ड यूझर या फंक्शनमध्ये हातानेही लिहिता येतं, पण तिथे एक चूक हमखास होते. बोट आधी शिफ्टवरून उठतं आणि नंतर बॅकस्पेसवरून. की सुटताना कोड पुन्हा शिफ्ट तपासतो, ती सापडत नाही, म्हणून बॅकस्पेस सोडल्याचा निरोप जातो. डिलीट दाबलेलंच राहतं आणि कर्सरपुढचा मजकूर भराभर नाहीसा होतो. की ओव्हरराइड हा हिशेब स्वतः ठेवते, त्यामुळे तीच वापरा.

कीमॅपच्या (कोणती की काय पाठवते ते ठरवणाऱ्या फाइलींच्या) फोल्डरमधल्या रूल्स डॉट एमके फाइलमध्ये 'की ओव्हरराइड एनेबल = येस' ही ओळ घाला; येस लहान अक्षरांत, डावीकडचं नाव कॅपिटलमध्ये. मग कीमॅप डॉट सीमध्ये की ओव्हरराइड टी या प्रकाराचा एक स्थिरांक करा आणि त्याला 'केओ मेक बेसिक' हा मॅक्रो द्या. मॅक्रोला तीन गोष्टी लागतात, याच क्रमाने: मॉड मास्क शिफ्ट (धरायची मॉडिफायर), केसी बीएसपीसी (दाबायची बॅकस्पेस), केसी डेल (तिच्याऐवजी जाणारं डिलीट). शेवटी त्या स्थिरांकाचा पत्ता 'की ओव्हरराइड्स' नावाच्या यादीत टाका. जुन्या उदाहरणांमध्ये या यादीच्या शेवटी नल असतं. जुन्या आवृत्तीत ते लिहायचं राहून गेलं तर फर्मवेअर यादीच्या पुढची मेमरी वाचत सुटतं. नव्या आवृत्तीत यादी मोजली जाते आणि नल लागत नाही. तेव्हा आपल्याकडच्या आवृत्तीचंच उदाहरण उतरवून घ्या.

मॉड मास्क शिफ्टमध्ये डावी-उजवी कुठलीही शिफ्ट चालते. मला विचाराल तर फक्त डावी ठेवावी: मास्कच्या जागी 'मॉड बिट' आणि त्यात केसी एलएसएफटी. मग दोन्ही शिफ्ट धरून बॅकस्पेस दाबलं की डावी उचलली जाते, उजवी राहते, आणि मुद्दाम हवं असलेलं शिफ्ट-डिलीटही मिळतं. मास्कमध्ये कंट्रोल आणि शिफ्ट एकत्र लिहिल्या तर दोन्ही धराव्या लागतात, 'यांपैकी एक' असा अर्थ होत नाही. आणखी एक, केओ मेक बेसिक इतर मॉडिफायरना अडवत नाही. कंट्रोल-शिफ्ट-बॅकस्पेसचं कंट्रोल-डिलीट होतं, म्हणजे पुढचा शब्द पुसला जातो. बहुतेकांना ते आवडतंच.

मराठी इनस्क्रिप्टमध्ये टाइप करणाऱ्यांनी इथे जपून राहावं. फर्मवेअर अक्षर पाठवत नाही, कीची जागा पाठवतं. अक्षर कोणतं ते संगणक ठरवतो. इंग्रजीसाठी कोणी शिफ्ट-स्वल्पविरामाचं अर्धविराम करून ठेवलं, तर इनस्क्रिप्टमध्ये त्याच जागी ष असतो आणि अर्धविरामाच्या कीवर च. 'भाषा' लिहायला जावं आणि 'भाचा' उमटावं, असा प्रकार. त्यासाठी 'केओ टॉग' हा कीकोड एखाद्या फंक्शन लेअरवर (एफएन की धरल्यावर लागू होणाऱ्या थरावर) ठेवा आणि मराठीकडे वळताना सगळे ओव्हरराइड बंद करा. बॅकस्पेस-डिलीटला मात्र भाषेचा फरक पडत नाही.

अल्ट किंवा विंडोज कीवर ओव्हरराइड बांधला तर निराळा त्रास होतो. ती की क्षणभर उचलली जाते, संगणकाला ती एकटीच दाबून सोडल्यासारखी वाटते आणि विंडोज की असेल तर स्टार्ट मेनू उघडतो, अल्ट असेल तर प्रोग्रामचा मेनू बार जागा होतो. कॉन्फिग डॉट एचमध्ये 'डमी मॉड न्यूट्रलायझर कीकोड' म्हणून केसी राइट सीटीआरएल द्या आणि 'मॉड्स टू न्यूट्रलाइझ'मध्ये त्या मॉडिफायरचे बिट लिहा.

कीबोर्डात एटीमेगा ३२यू४ ही चिप असेल तर फ्लॅश (फर्मवेअर साठवायची मेमरी) ३२ केबीच असते, त्यातली ४ केबी सहसा बूटलोडर (नवं फर्मवेअर चढवणारा छोटा प्रोग्राम) घेतो. कंपाइल करताना जागा पुरत नाही असं आलं तर रूल्समध्ये 'एलटीओ एनेबल = येस' करा; त्याने तयार होणारा कोड लहान होतो.

फर्मवेअर कीबोर्डवर चढवल्यावर (फ्लॅश केल्यावर) आधी एका रिकाम्या टेक्स्ट फाइलमध्ये तपासा. शिफ्ट धरा, बॅकस्पेस दाबून ठेवा, मग फक्त शिफ्ट सोडा. साधारण अर्ध्या सेकंदाने मागची अक्षरं पुसायला लागली तर ते बरोबर आहे: बॅकस्पेस अजून दाबलेलं असल्यामुळे ते पुन्हा लागू होतं. हे नको असेल तर 'नो रीरजिस्टर ट्रिगर' हा पर्याय स्वीकारणारा लांब मॅक्रो वापरा.